गुळवेलीच्या पॉलिसॅकराइडची मॅक्रोफेजवर चाचणी : क्रम, कंट्रोल आणि नेहमीच्या चुका

एम.एस्सी.च्या प्रबंधांत आणि फार्मसी कॉलेजांच्या प्रकल्पांत एक आलेख हमखास भेटतो. आडव्या अक्षावर गुळवेलीच्या किंवा कोरफडीच्या पॉलिसॅकराइडचा, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचा डोस, उभ्या अक्षावर पेशींनी सोडलेलं नायट्रिक ऑक्साइड, आणि डावीकडून उजवीकडे चढत जाणारे खांब. खाली निष्कर्ष : अमुक वनस्पतीचं पॉलिसॅकराइड मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशी, उद्दीपित करतं. आलेख खोटा नसतो, पेशी खरंच उद्दीपित झालेल्या असतात. पण त्यांना जागं कोणी केलं, पॉलिसॅकराइडने की त्याच्यासोबत आलेल्या जीवाणूंच्या एन्डोटॉक्सिनने, याचं उत्तर त्या प्रबंधात नसतं. परीक्षक नेमकं तेच विचारतो, आणि तोवर नमुना संपलेला असतो.

ही शंका हवेतली नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं की प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या काही वनस्पतींचे अर्क प्रयोगशाळेत मॅक्रोफेजना जे उद्दीपित करतात, त्यातला बहुतांश वाटा जीवाणूंच्या लायपोप्रोटीनचा आणि लायपोपॉलिसॅकराइडचा, म्हणजे एलपीएसचा असतो. एन्डोटॉक्सिन म्हणतात ते हेच एलपीएस. वनस्पतीच्या आत आणि अंगावर जीवाणू असतातच. धुण्याने ते सगळे जात नाहीत.

गुळवेलीच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून जी१-४ए नावाचं अराबिनोगॅलॅक्टन (अराबिनोज आणि गॅलॅक्टोज या साखरांचं पॉलिसॅकराइड) वेगळं केलं, १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि पुढे २००९ मध्ये त्याचं वर्णन पेशीवरच्या टीएलआर-४ या रिसेप्टरला (संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) चालना देणारा, पण जीवाणूजन्य नसलेला पदार्थ असं झालं. एलपीएसचा रिसेप्टरही टीएलआर-४च. म्हणजे खरा पदार्थ आणि भेसळ दोघंही एकाच दाराने आत शिरतात. म्हणून या कामात कुठली चाचणी आधी आणि कुठली नंतर, याला फार महत्त्व आहे.

पुढचे टप्पे गुळवेलीचं खोड आणि उंदराच्या रॉ २६४.७ या मॅक्रोफेज पेशी धरून लिहिले आहेत. दुसरी वनस्पती असेल तर फरक कुठे पडतो ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

टप्पा १ : वनस्पतीची ओळख पक्की करा

बाजारात ‘गुळवेल’ म्हणून मिळणारी प्रत्येक वेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया नसते. टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची बहीण दिसायला बरीच सारखी आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, तेव्हा आयुष मंत्रालयाचा पहिला आक्षेप हाच होता की वनस्पतीची ओळख तपासलेली नाही.

पानं, फुलं आणि खोड असलेला वाळवलेला नमुना पुण्यात आघारकर संशोधन संस्थेच्या किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राच्या तज्ज्ञांकडून ओळखून घ्या आणि नमुना क्रमांक वहीत लिहा. नुसत्या कापलेल्या खोडावरून ओळख मागायला जाऊ नका. सगळ्या प्रयोगांना पुरेल एवढं खोड एकाच वेळी, एकाच वेलीवरून गोळा करा. वेल कोणत्या झाडावर चढली होती तेही टिपून ठेवा.

खोड गोळा केल्या दिवशीच धुवा, साल खरवडा, बारीक तुकडे करा आणि ४० ते ४५ अंश सेल्सिअसला हवा खेळत्या ओव्हनमध्ये वाळवा. पावसाळ्यात खोलीत पसरून वाळवण्याचा मोह होतो. चार दिवस दमट राहिलेल्या खोडावर जीवाणूंची पिढ्यान् पिढ्या वाढ होते आणि एन्डोटॉक्सिनचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

तपासा : तुकडा वाकवला की कट्‌कन मोडला पाहिजे. लवचिक असेल तर अजून ओलावा आहे.

टप्पा २ : काचसामान, पाणी आणि ‘रिकामी बॅच’

अर्क काढायला घेण्याआधी तीन गोष्टी तयार हव्यात.

पहिली, काचसामान. ऑटोक्लेव्हने जीवाणू मरतात, एलपीएस मरत नाही. मेलेल्या जीवाणूचं कवचसुद्धा मॅक्रोफेजला तितकंच झोंबतं. काचेची भांडी फॉइलमध्ये गुंडाळून कोरड्या उष्णतेच्या ओव्हनमध्ये २५० अंशांना निदान ३० मिनिटं ठेवा. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरनेही एलपीएस अडत नाही, तेव्हा ‘शेवटी गाळून घेतलं आहे’ हे उत्तर होत नाही.

दुसरी, पाणी. प्रयोगशाळेच्या टाकीत साठवलेलं डिस्टिल्ड वॉटर हा एन्डोटॉक्सिनचा सगळ्यात दुर्लक्षित झरा आहे. टाकीच्या आतल्या बाजूला हात फिरवून पाहा, बुळबुळीत लागेल. निष्कर्षणाला ताजं पाणी वापरा. अल्कोहोलच्या अवक्षेपणानंतरच्या सगळ्या पायऱ्यांना इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणीच घ्या. औषधाच्या दुकानात ते मिळतं, खर्च किरकोळ आहे.

तिसरी, आणि बहुतेक प्रबंधांत नसलेली : रिकामी बॅच. वनस्पतीची पूड न घालता तेवढंच पाणी, तीच एन्झाइमं, तेच अल्कोहोल, तीच डायलिसिसची नळी, सगळी प्रक्रिया शेवटपर्यंत करा. जे काही उरेल, बहुधा डोळ्यांना काहीच दिसणार नाही, ते नमुन्याइतक्याच पाण्यात विरघळवून पेशींवर घाला. पेशी जाग्या झाल्या तर दोष गुळवेलीचा नाही, तुमच्या ओट्याचा आहे.

टप्पा ३ : निष्कर्षण

१. पूड ४० नंबरच्या चाळणीतून चाळा. पेट्रोलियम ईथरने मेद आणि रंगद्रव्यं काढा.

२. उरलेली पूड ८० टक्के इथेनॉलमध्ये रिफ्लक्स करा, दोन तासांचे दोन फेरे. फिनॉलिक पदार्थ, अल्कलॉइड आणि सुट्या साखरा इथे निघून जातात. ही पायरी गाळली तर पुढे पेशी जिवंत आहेत का हे पाहणाऱ्या एमटीटी चाचणीत फिनॉलिक पदार्थ घोळ घालतात. द्रावक ओतून टाका आणि पूड हुडमध्ये पूर्ण कोरडी करा.

३. १०० ग्रॅम पुडीला २ लिटर पाणी, ८० ते ९० अंश, दोन ते तीन तास, सतत ढवळत. गाळून उरलेल्या चोथ्यावर हीच क्रिया पुन्हा एकदा.

४. मलमलच्या कापडाने गाळा, मग ८,००० ते १०,००० जी वर २० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. वरचा द्रव रोटरी इव्हॅपोरेटरवर ५० अंशांच्या आसपास एक चतुर्थांश होईपर्यंत आटवा.

गरम पाणी वापरलं की स्टार्च येणारच. गुळवेल सत्त्व म्हणून जी पांढरी पूड विकली जाते ती मुख्यतः स्टार्चच असते. अर्काचा थेंब आयोडीनच्या द्रावणात टाका : निळा-जांभळा रंग आला तर तुमच्या ‘पॉलिसॅकराइड’चा मोठा हिस्सा स्टार्च आहे. ताप सहन करणारं अल्फा-अमायलेज आणि त्यानंतर अमायलोग्लुकोसिडेज वापरून तो तोडा, तुटलेलं ग्लुकोज डायलिसिसमध्ये निघून जाईल. ही एन्झाइमं अनुक्रमे बॅसिलस जीवाणू आणि अ‍ॅस्परजिलस बुरशीपासून बनतात, म्हणजे त्यांच्यासोबत जीवाणूंची लायपोप्रोटीनं किंवा बुरशीचं बीटा-ग्लुकन येऊ शकतं. रिकाम्या बॅचमध्ये एन्झाइम घालायला सांगितलं ते यासाठी.

थांबा : गुळवेलीतून अल्फा-१,४ ग्लुकनही वेगळं केलं गेलं आहे आणि त्याची प्रतिकारपेशींवरची क्रिया प्रसिद्ध झालेली आहे. तुम्हाला तेच हवं असेल तर अमायलेज वापरू नका, ते तुमचाच पदार्थ खाईल. आधी काय शोधायचं ते ठरवा, मग एन्झाइम मागवा.

थंड पाण्यात रात्रभर भिजवून अर्क काढला तर स्टार्च कमी येतो हे खरं. पण खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवलेलं गोडसर पाणी म्हणजे जीवाणूंना मेजवानी. तसं करायचंच असेल तर ४ अंशांना, शीतकपाटात.

टप्पा ४ : अवक्षेपण आणि प्रथिनं काढणं

आटवलेल्या अर्कात ९५ टक्क्यांचं थंडगार इथेनॉल चौपट घाला. सावकाश, धार बारीक ठेवून, ढवळत. एकदम ओतलं तर गोळे बनतात आणि त्यांच्या पोटात प्रथिनं, क्षार, रंग अडकून बसतात. ४ अंशांना रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी तंतुमय, मळकट पांढरा साका दिसेल. तो सेंट्रिफ्यूज करून इथेनॉलने, मग अ‍ॅसिटोनने धुवा. अ‍ॅसिटोन पूर्ण उडाल्यावरच पाण्यात विरघळवा.

प्रथिनांसाठी सेव्हॅग पद्धत चालते : क्लोरोफॉर्म आणि एन-ब्युटॅनॉल ४:१, द्रावणाच्या एक चतुर्थांश, अर्धा तास हलवून सेंट्रिफ्यूज. दोन थरांच्या मध्ये साईसारखा पांढरा पापुद्रा जमतो, ती उघडी पडलेली प्रथिनं. वरचा जलीय थर काढून पुन्हा तेच करा, पापुद्रा यायचा थांबेपर्यंत. पाच-सहा फेरे सहज लागतात. दोन फेऱ्यांत कंटाळून सोडणाऱ्यांच्या नमुन्यात लेक्टिन (साखरेला चिकटणारी प्रथिनं) राहून जातात, आणि कॉन-ए किंवा पीएचएसारखी वनस्पतींची लेक्टिनं लिम्फोसाइटना किती जोरात विभागायला लावतात हे कोणत्याही इम्युनॉलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये पाहिलेलं असतं.

ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लाने प्रथिनं झटपट निघतात, पण अराबिनोगॅलॅक्टनला ते सोसत नाही. अराबिनोजच्या बाजूच्या फांद्या आम्लात सहज तुटतात. कोरफडीच्या असेमॅनन या पॉलिसॅकराइडबाबत उलट काळजी घ्यावी लागते : तिथे अल्कली टाळायची, कारण त्याच्या मॅनोजवरचे अ‍ॅसिटिल गट अल्कलीत निघून जातात.

शेवटी १२ ते १४ किलोडाल्टनच्या नळीत ४८ तास डायलिसिस, ४ अंशांना, पाणी दिवसातून तीनदा बदलून. बुरशी-जीवाणू नकोत म्हणून काही जण सोडियम अझाइड घालतात. तो पूर्ण न निघाल्यास पेशी मरतात, म्हणून नकोच. मग लायोफिलाइझ करा, म्हणजे गोठवून वाळवा.

तपासा : मिळालेला पदार्थ हलका, कापसासारखा आणि जवळजवळ पांढरा असावा. तपकिरी, चिकट असेल तर फिनॉलिक पदार्थ अजून आहेत; टप्पा ३ मधली दुसरी पायरी अर्धवट झाली.

टप्पा ५ : हातात काय आहे ते मोजा

एकूण साखर फिनॉल–सल्फ्युरिक आम्ल पद्धतीने. १ मिली नमुना, १ मिली ५ टक्के फिनॉल, ५ मिली तीव्र आम्ल. आम्ल परीक्षानळीच्या भिंतीवरून हळूहळू सोडू नका; थेट द्रवाच्या पृष्ठभागावर, वेगाने पडलं पाहिजे, कारण रंग त्या उष्णतेवर येतो. चष्मा आणि हातमोजे घालूनच. हेक्सोज ४९० नॅनोमीटरला आणि पेंटोज ४८० ला जास्त शोषतात, म्हणून अराबिनोज भरपूर असलेल्या नमुन्याला नुसत्या ग्लुकोजच्या स्टँडर्डवर मोजलं की आकडा सरकतो. गॅलॅक्टोज आणि अराबिनोजचं मिश्र स्टँडर्ड बनवा. नळीत कापसाचा किंवा फिल्टर पेपरचा एखादा तंतू पडला तरी रीडिंग उडी मारतं, तोही सेल्युलोज म्हणजे साखरच आहे.

प्रथिनं ब्रॅडफर्ड पद्धतीने मोजा आणि २६० व २८० नॅनोमीटरचं स्कॅनही घ्या. युरोनिक आम्ल वेगळं मोजा, पेक्टिनसारखा भाग किती ते त्यातून कळतं. घटक साखरा आणि रेणुभार यांच्यासाठी बाहेर नमुना पाठवावा लागला तर पाठवा. ‘क्रूड पॉलिसॅकराइड’ एवढ्याच नावावर रिसेप्टरबद्दल बोलता येत नाही.

टप्पा ६ : एन्डोटॉक्सिन, पेशींना हात लावण्याआधी

बहुतेकांचा क्रम इथेच उलटा असतो. आधी पेशींवर परिणाम दिसतो, शोधनिबंध लिहिला जातो, परीक्षक विचारतो आणि मग एन्डोटॉक्सिनचं किट मागवलं जातं. तसं करू नका.

नेहमीची चाचणी एलएएल, म्हणजे हॉर्सशू खेकड्याच्या रक्तपेशींच्या अर्काची. एन्डोटॉक्सिन त्यातल्या एन्झाइमांची साखळी फॅक्टर सी मार्गे सुरू करतं. पॉलिसॅकराइडच्या बाबतीत ती दोन्ही बाजूंनी फसवते. एक तर बीटा-ग्लुकन त्याच साखळीला दुसऱ्या टोकाने, फॅक्टर जी मार्गे, चालू करतं आणि एन्डोटॉक्सिन नसताना चाचणी होकारार्थी येते. यावर ग्लुकन रोखणारं बफर वापरा किंवा रिकॉम्बिनंट फॅक्टर सी वर आधारलेलं किट घ्या. उलट, घट्ट किंवा आम्लधर्मी पॉलिसॅकराइड एन्डोटॉक्सिनला झाकून ठेवतं आणि खोटं ‘शून्य’ दाखवतं. यासाठी नमुन्यात माहीत असलेलं एन्डोटॉक्सिन मुद्दाम घालून ते किती परत सापडतं ते पाहा. ५० ते २०० टक्क्यांच्या दरम्यान सापडलं तर चाचणीवर विश्वास ठेवता येतो. नाहीतर नमुना आणखी पातळ करून पुन्हा.

आता आकडेमोड, जी प्रत्येकाने वहीत स्वतः करावी. समजा किटने सांगितलं की नमुन्यात मिलिग्रॅममागे ५० एन्डोटॉक्सिन युनिट आहेत. तुमचा सगळ्यात वरचा डोस मिलीला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे पेशींच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खाचेत) मिलीला १० युनिट. ई. कोलायच्या एलपीएससाठी ढोबळमानाने १० युनिट म्हणजे १ नॅनोग्रॅम. म्हणजे पेशींना मिलीला १ नॅनोग्रॅम एलपीएस मिळालं, आणि एवढ्यावर रॉ पेशी टीएनएफ-अल्फा हे दाहाचं संदेशप्रथिन बाहेर टाकू लागतात. मानवी मोनोसाइट तर याहून कितीतरी कमी मात्रेला दाद देतात. आणि डोस वाढवत नेला की एलपीएसही त्याच प्रमाणात वाढतं, म्हणून ‘परिणाम डोसनुसार वाढला’ हा पुरावा भेसळीलाही तितकाच लागू पडतो.

प्रमाण जास्त निघालं तर एलपीएसला धरून ठेवणाऱ्या पॉलिमिक्सिन-बीच्या कॉलममधून नमुना काढा किंवा ट्रायटन एक्स-११४ या डिटर्जंटने एलपीएस वेगळं करा. नंतर एकूण साखर पुन्हा मोजा, कारण कॉलमवर तुमचा पदार्थही अडकतो. ट्रायटनचा अंशही पेशींना चालत नाही, तो निघाल्याची खात्री करा. जोरदार अल्कलीनेही एलपीएस निकामी होतं, पण पेक्टिन तुटतं आणि असेमॅननचे अ‍ॅसिटिल गट जातात, तेव्हा तो उपाय सरसकट नको.

थांबा : वरच्या डोसला वेलमध्ये किती एलपीएस पोचेल हा आकडा वहीत लिहिला नसेल तर टप्पा ७ सुरू करू नका.

टप्पा ७ : पेशी तयार करणं

रॉ २६४.७ पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी भांडारातून मागवता येतात. शेजारच्या विभागातल्या फ्लास्कमधून ‘थोड्या दे’ म्हणून घेतलेल्या पेशींचा पॅसेज, म्हणजे त्या किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये वाढवल्या तो आकडा, कुणालाच माहीत नसतो. पॅसेज १५ च्या आत ठेवा. एन्डोटॉक्सिन कमी असल्याचं प्रमाणपत्र असलेलं सीरम घ्या. इथे पैसे वाचवले तर पार्श्वभूमीच उंच राहते आणि त्यावर कुठलाही परिणाम उठून दिसत नाही.

ट्रिप्सिन वापरू नका, ते पृष्ठभागावरचे रिसेप्टर खुडतं. रबरी स्क्रेपरने हलक्या हाताने खरवडा. फ्लास्क पूर्ण भरू देऊ नका, ७० ते ८० टक्क्यांवर पुढचा पॅसेज. वेलमध्ये ५०,००० पेशी, आणि रात्रभर चिकटू द्या.

तपासा : सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी गोल, लहान, चकचकीत दिसल्या पाहिजेत. आधीच पसरट, फुगीर, पाय फुटल्यासारख्या दिसत असतील तर त्या काहीही न घालता जाग्या झाल्या आहेत. ती प्लेट टाकून द्या. मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींच्या फ्लास्कमध्ये नकळत शिरणाऱ्या सूक्ष्म जीवाणूंची चाचणीही याच आठवड्यात. मायकोप्लाझ्माची लायपोप्रोटीनं टीएलआर-२ मार्गे मॅक्रोफेजना सतत टोचत राहतात.

टप्पा ८ : द्रावण आणि प्लेटची मांडणी

लायोफिलाइझ केलेलं पॉलिसॅकराइड पाण्यात टाकलं की वरून ओलं आणि आतून कोरडं राहतं. आधी थोड्या द्रवात भिजवा, मग मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) वाढवत न्या, ४ अंशांना रात्रभर हळू ढवळा. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून मोठे रेणू मागे राहतात. गाळण्याआधी आणि नंतर एकूण साखर मोजून खरी मात्रा लिहा. अनेक आलेखांच्या आडव्या अक्षावर वजनकाट्यावरची मात्रा असते, वेलमधली नसते.

प्लेटवर एवढं तरी हवंच : नुसतं मीडियम, रिकामी बॅच, एलपीएस (मिलीला १० नॅनोग्रॅम), पॉलिमिक्सिन-बी एकटं (मिलीला १० मायक्रोग्रॅम), एलपीएस आणि पॉलिमिक्सिन-बी एकत्र, नमुना चार-पाच डोसमध्ये, तेच डोस पॉलिमिक्सिन-बीसोबत, आणि १०० अंशांना अर्धा तास उकळलेला नमुना. पॉलिमिक्सिन नमुन्यात आधी तासभर मिसळून ठेवा, नंतर पेशींवर घाला.

या ओळी वाचायच्या कशा? एलपीएसचा परिणाम पॉलिमिक्सिनने जवळपास पुसला गेला पाहिजे. तसं झालं नाही तर पूर्ण प्लेट बाद. नमुन्याचा परिणाम पॉलिमिक्सिनने कोसळला तर भेसळीचा संशय दाट. टिकला तर एलपीएस नसावं, पण लायपोप्रोटीनची शक्यता उरतेच, कारण पॉलिमिक्सिन त्यांना धरत नाही. उकळून परिणाम गेला तर क्रिया प्रथिनाची होती. उकळूनही टिकला तर मात्र लगेच खूष होऊ नका : एलपीएसही उकळीला पुरून उरतं. आणि पॉलिमिक्सिन धनभारित असल्यामुळे ते ऋणभारित पेक्टिनलाही चिकटतं, तेव्हा आम्लधर्मी पॉलिसॅकराइडचा परिणाम थोडा उतरला म्हणून लगेच हार मानायचीही गरज नाही. म्हणूनच टप्पा ६ मधला आकडा शेजारी ठेवून हे वाचायचं.

टप्पा ९ : मोजमापं, याच क्रमाने

*जिवंतपणा आधी.* एमटीटी मिलीला ०.५ मिलिग्रॅम, तीन-चार तास, डीएमएसओत विरघळवून ५७० नॅनोमीटरला. पेशी नसलेल्या वेलमध्येही नमुना आणि एमटीटी घालून पाहा. फिनॉलिक पदार्थ पेशींविनाच एमटीटी जांभळा करतात. शिवाय उद्दीपित मॅक्रोफेजचा चयापचय बदलतो, त्यामुळे एमटीटी वाढला म्हणून ‘पेशी वाढल्या’ असं लिहू नका. ट्रिपन ब्लूने मोजा.

*नायट्रिक ऑक्साइड.* २४ तासांनी वरचा द्रव घेऊन नायट्राइट मोजणारं ग्रीस रिएजंट, ५४० नॅनोमीटर. सोडियम नायट्राइटचं स्टँडर्ड पाण्यात नाही, त्याच मीडियममध्ये बनवा. प्रत्येक डोसचा रंगाचा ब्लँक वेगळा हवा. हीच चाचणी टीएचपी-१ किंवा दुसऱ्या मानवी पेशींवर करून ‘परिणाम नाही’ असं लिहिणारे बरेच आहेत. मानवी मॅक्रोफेज प्रयोगशाळेत मुळातच फारसं नायट्रिक ऑक्साइड बनवत नाहीत. तिथे सायटोकाइन, म्हणजे पेशींनी सोडलेली संदेशप्रथिनं मोजा.

*सायटोकाइन.* टीएनएफ-अल्फा ४ ते ६ तासांनी, आयएल-६ १२ ते २४ तासांनी, आयएल-१० २४ तासांनी. सगळं एकाच २४ तासांच्या द्रवातून मोजण्याची सवय सोयीची आहे, पण लवकर येणारा टीएनएफ त्यात अर्धामुर्धाच पकडला जातो.

*भक्षण.* न्यूट्रल रेडने पेशी द्रव किती पितात ते कळतं. त्याला भक्षण म्हणता येत नाही. चमकणारे मणी किंवा यीस्टचे कण वापरा, ४ अंशांवर ठेवलेली जोडप्लेट लावा आणि बाहेर नुसत्या चिकटलेल्या कणांची चमक ट्रिपन ब्लूने मालवा.

थांबा : ‘दाह कमी करतं’ असं दाखवण्यासाठी २४ तास नमुना आणि नंतर एलपीएस, अशी रचना अनेक जण करतात. नमुन्यात थोडं एलपीएस असेल तर पेशी त्याला सरावतात आणि दुसऱ्या एलपीएसला कमी दाद देतात. याला एन्डोटॉक्सिन टॉलरन्स म्हणतात. आलेखावर ते हुबेहूब दाहशामक गुणासारखं दिसतं. म्हणजे एकच भेसळ एका प्रयोगात ‘उत्तेजक’ आणि दुसऱ्यात ‘शामक’ ठरते, आणि प्रबंधात मथळा येतो ‘इम्युनोमॉड्युलेटर’.

टप्पा १० : रिसेप्टर आणि संदेशमार्ग, सर्वांत शेवटी

टीएलआर-४, टीएलआर-२, डेक्टिन-१, मॅनोज रिसेप्टर, सीआर-३ हे नेहमीचे उमेदवार. बीटा-१,३ ग्लुकन असेल तर डेक्टिन-१, मॅनोज जास्त असेल तर मॅनोज रिसेप्टर, अशी सुरुवात टप्पा ५ मधल्या रचनेवरून करा. पाचही ब्लॉकर एकदम मागवण्यात अर्थ नाही.

टीएके-२४२ ने टीएलआर-४ बंद केल्यावर परिणाम थांबला, किंवा ज्यांचा टीएलआर-४ जन्मतः निकामी असतो त्या सी३एच/एचईजे उंदरांच्या मॅक्रोफेजवर परिणाम दिसला नाही, तर त्यातून एवढंच कळतं की क्रिया टीएलआर-४ मार्गे होते. ती पॉलिसॅकराइडची की एलपीएसची हे यातून ठरत नाही. गुळवेलीच्या बाबतीत तर दोन्ही शक्य. इथे उपयोगी पडतो तो उलटा प्रयोग : साखळी तोडणारं नेमकं एन्झाइम वापरून पॉलिसॅकराइडचे तुकडे करा आणि डायलिसिसनंतर उरलेल्यावर चाचणी घ्या. एन्झाइम पॉलिसॅकराइड तोडतं, एलपीएसच्या लिपिड-एला, म्हणजे पेशींना टोचणाऱ्या भागाला हात लावत नाही. क्रिया गेली तर श्रेय साखळीचं. शेजारी लायपोप्रोटीन लायपेजची प्रक्रिया केलेला नमुना ठेवला की जीवाणूंच्या लायपोप्रोटीनचाही निकाल लागतो.

एनएफ-कॅपा-बी हा पेशीच्या आतला संदेशमार्ग पाहायचा तर १५, ३० आणि ६० मिनिटांचे नमुने घ्या. २४ तासांनी केलेल्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीत) पहिली लाट केव्हाच ओसरलेली असते.

टप्पा ११ : पुनरावृत्ती आणि लिखाण

एकाच प्लेटवरचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर केलेला प्रयोग एक मोजायचा. असे निदान तीन हवेत. त्यातला निदान एक नव्याने काढलेल्या अर्कावर असावा. अनेक डोसची तुलना एकाच कंट्रोलशी करताना अ‍ॅनोव्हानंतर डनेट चाचणी लावा, जोड्याजोड्यांनी टी-टेस्ट नको.

पद्धतीच्या प्रकरणात नमुना क्रमांक, साखर, प्रथिनं आणि युरोनिक आम्लाचे टक्के, रेणुभार, मिलिग्रॅममागे एन्डोटॉक्सिन, परत सापडल्याची टक्केवारी आणि रिकाम्या बॅचचा निकाल हे सगळं यायला हवं.

निष्कर्ष पेशींपुरता लिहा. प्लेटमधल्या मॅक्रोफेजला पॉलिसॅकराइड थेट भिडतं. काढा पिणाऱ्याच्या पोटात गेलेलं बहुतेक अराबिनोगॅलॅक्टन अखंड रक्तात पोचत नाही, मोठ्या आतड्यातले जीवाणू ते आंबवतात. ‘गुळवेलीचा काढा प्रतिकारशक्ती वाढवतो’ हे वाक्य या प्लेटवरून निघत नाही, आणि मार्गदर्शकांना ते कितीही आवडलं तरी गोषवाऱ्यात घालू नका.

प्रत्येक बॅचमधलं निदान ५० मिलिग्रॅम लायोफिलाइझ केलेल्या अवस्थेत, उणे २० अंशांना, हवाबंद काचेच्या कुपीत वेगळं ठेवा आणि कुपीवर बॅच क्रमांकासोबत एन्डोटॉक्सिनचा आकडा लिहा. परीक्षकाने किंवा संपादकाने नवी चाचणी मागितली तर ती त्याच बॅचवर करता येईल.